टोळीची दुकानदारी आणि सोलापूर शहर

आपल्या भाषेतील काही शब्दांचे नशीब मोठे विलक्षण असते. 'दादा' हा शब्दच घ्या. घरातील वडील भावाला आपण आदराने दादा म्हणतो, आणि ज्याचे नाव काढताच गल्लीतील दुकानदाराला घाम फुटतो त्यालाही दादाच म्हणतो. 'हप्ता' हा मूळचा फारसी शब्द. त्याचा अर्थ आठवडा. त्यावरून कर्जफेडीच्या ठरावीक रकमेला हप्ता म्हणू लागले, आणि पुढे भाजीची गाडी लावणारा गरीब माणूस आपली गाडी कोणी उलथून देऊ नये म्हणून जी रक्कम मुकाट्याने देतो, तिचेही नाव हप्ताच पडले. 'खंडणी' हा तर एके काळी राजदरबारातील प्रतिष्ठित शब्द होता. वसुली, वाटा, भागीदार, गिऱ्हाईक, धंदा हे शब्द पेढीवर जसे ऐकू येतात तसेच टोळीच्या अड्ड्यावरही ऐकू येतात. ज्यांचा रोजचा व्यवहार या दोन्ही ठिकाणी पडला त्या सामान्य माणसांनीच हे शब्द घडविले. त्यांना दोहोंत काही साम्य दिसले असले पाहिजे, हे उघड आहे.

शहरातील गरीब वस्तीत जी टोळी नांदते तिच्याकडे आपण पांढरपेशी माणसे बहुधा दोनच दृष्टींनी पाहतो. एक तर तो केवळ दुष्ट माणसांचा जमाव आहे असे समजून आपण तो विषय पोलिसांच्या हवाली करतो, किंवा चित्रपटातील नायकाप्रमाणे तिच्या म्होरक्याभोवती एक वलय निर्माण करतो. या दोन्ही दृष्टींतून एक साधी गोष्ट निसटून जाते. टोळी ही मुख्यतः एक दुकान आहे. तिला भांडवल लागते, माल लागतो, नोकर लागतात, हद्द लागते, नावलौकिक लागतो. उधारी बुडाली तर तिलाही तोटा येतो. लाठी आणि सुरा ही त्या दुकानाची हत्यारे आहेत, माल नव्हे. मग माल कोणता, आणि तो घेण्यासाठी गरीब माणूस त्याच दुकानाची पायरी का चढतो? हा प्रश्न समजून घ्यावयाचा असेल तर सोलापूरचा इतिहास पाहावा. कारण या शहरात टोळ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी सरकारने खरोखरीचे तारेचे कुंपण घातले; आणि ते भलत्याच ठिकाणी घातले.

टोळी आणि व्यवहार यांचे नाते जुने आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी मध्य हिंदुस्थानात धुमाकूळ घालणाऱ्या पेंढाऱ्यांची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. शिंदे-होळकरांच्या फौजांच्या आश्रयाने वावरणारे हे लोक 'पालपट्टी' या नावाचा एक कर भरीत असत. म्हणजे लूट हा त्यांचा उद्योग, आणि पालपट्टी ही त्या उद्योगाची परवाना-फी. लुटीचा माल विकत घेणारा कोणी तरी असल्यावाचून लुटीचे पैसे होत नाहीत, आणि सत्तेने डोळेझाक केल्यावाचून तो उद्योग फार दिवस चालत नाही. या दोन अटी त्या काळी होत्या आणि पुढेही सुटल्या नाहीत. घोडे गेले, तळ गेले, आणि टोळीचा मुक्काम शहरात पडला, एवढाच फरक झाला. रानातली टोळी वाटसरूला एकदाच लुटून निघून जाई. शहरातली टोळी त्याच त्या माणसांत राहते आणि त्यांच्यावरच पोट भरते. जेथे रोज राहावयाचे तेथे नुसती लूट चालत नाही. तेथे देवघेव करावी लागते.

सोलापूर हे अशा देवघेवीला अनुकूल शहर कसे झाले ते पाहू. १८६० साली रेल्वे येथे पोहोचली. १८७६-७७ च्या दुष्काळाने या जिल्ह्याची दैना केली, आणि त्याच सुमारास, १८७७ साली, शहरातील पहिली कापडगिरणी सुरू झाली. तिलाच लोक पुढे 'जुनी गिरणी' म्हणू लागले. मागाहून नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कानडी मुलखातून माणसे आली, निजामाच्या हद्दीतील मराठी गावांतून आली. गावी शेत पिकेना म्हणून बोचके घेऊन निघालेला माणूस सोलापूरच्या स्टेशनावर उतरला, की त्याला चार गोष्टींची गरज पडे. पहिली काम, दुसरी डोके टेकण्यापुरती जागा, तिसरी पहिला पगार हाती पडेपर्यंत उधारी, आणि चौथी म्हणजे भांडणतंट्यात पाठीशी उभा राहणारा कोणी तरी. गावात या चारही गोष्टी नात्यातून, जातीतून आणि ओळखीतून मिळत. शहरात गिरणीमालक फक्त मजुरी देई, तीही महिना भरल्यावर आणि पुढच्या महिन्याचे काही दिवस उलटल्यावर. नगरपालिकेला त्याच्या निवाऱ्याशी कर्तव्य नव्हते, पेढीला त्याच्या सहीची किंमत नव्हती, आणि पोलीस ठाण्याची पायरी तो भीतीने चढत नसे. जी वस्तू कायदेशीर बाजारात मिळत नाही ती विकणारा दुसरा बाजार आपोआप भरतो. या चार वस्तूंचाही भरला.

पहिली वस्तू काम. गिरणीत माणूस घेण्याचा अधिकार व्यवहारात साहेबाच्या हाती नसून जॉबरच्या म्हणजे मुकादमाच्या हाती होता, आणि बायकांच्या खात्यात नायकिणीच्या. कामावर लावण्याबद्दल दस्तुरी, कामावर टिकवून ठेवण्याबद्दल दस्तुरी, रजेवरून परतल्यावर जागा परत देण्याबद्दलही दस्तुरी. हिंदुस्थानातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९२९ साली जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही आयोगाने १९३१ मध्ये आपला अहवाल दिला. त्यात या दस्तुरीची पद्धत स्पष्टपणे नोंदविली आहे, आणि नोकरभरतीचे काम मुकादमाकडून काढून घ्यावे अशी शिफारसही केली आहे.

दुसरी वस्तू उधारी. त्याच आयोगाचा अंदाज असा की, बहुतेक औद्योगिक शहरांत कर्जबाजारी कुटुंबांचे प्रमाण दोन-तृतीयांशाहून कमी नाही. सोलापूरच्या गिरणी-कामगारांच्या घरखर्चाची जी पाहणी मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने १९२५ च्या सुमारास केली, तीतही शंभरांतील साठांहून अधिक कुटुंबे ऋणाखाली आढळली. व्याजाचा रूढ दर रुपयास दरमहा एक आणा. ऐकावयास आणा क्षुल्लक वाटतो. पण बारा महिन्यांचे बारा आणे होतात, म्हणजे सालीना शेकडा ७५. तारण म्हणून ठेवावयास या ऋणकोजवळ शेत नाही, दागिना नाही. त्याचे तारण म्हणजे त्याचा देह आणि त्याच्या पगाराचा दिवस. म्हणून सावकाराचा माणूस पगाराच्या दिवशी काठी घेऊन गिरणीच्या दारात उभा राही. हा प्रकार इतका सर्रास होता की, वसुलीसाठी कारखान्याला असा वेढा देणे हा गुन्हा ठरवावा, असे आयोगाला सुचवावे लागले.

येथे दादाचा प्रवेश होतो. ज्याचे कर्ज न्यायालयात वसूल होण्यासारखे नाही, त्याला वसुलीसाठी बाहूबळ विकत घ्यावे लागते. ज्या मुकादमाला आपली माणसे दुसऱ्याकडे जाऊ द्यावयाची नाहीत, त्यालाही ते लागते. चाळीच्या मालकाला भाडे थकविणाऱ्यास हुसकावून लावावयाचे असते, आणि गुत्तेवाल्याला दारात दंगा नको असतो. ही सारी मागणी पुरविणारा माणूस बहुधा एखाद्या तालमीच्या आसपास सापडे. तालीम ही आपली मोठी चांगली संस्था आहे, आणि शेकडा नव्वद पहिलवानांचा या धंद्याशी काडीचाही संबंध नसतो, हे मी मुद्दाम सांगतो. परंतु जवान पोरे, त्यांच्यात निष्ठा, आणि त्यांना कामधंदा नाही, हा योग जेथे जुळतो तेथे भाडोत्री बळाचा बाजार भरण्यास वेळ लागत नाही.

मुंबईची गिरणवस्ती सोलापूरच्या कितीतरी पट मोठी असल्यामुळे तेथे हे चित्र अधिक ठळक दिसते. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवस्तीचा जो सूक्ष्म अभ्यास केला, त्यात दादा हा वस्तीच्या रोजच्या जीवनाचाच एक भाग म्हणून दिसतो. तो उत्सवाला वर्गणी देतो, तंटे मिटवितो, एखाद्याला नोकरीसाठी चिठ्ठी देतो, आणि वेळ आली की डोकेही फोडतो. घोडपदेव भागातील केशव दादा बोरकर हे नाव १९२८-२९ च्या संपाच्या काळात गाजले. लाल बावट्याच्या कामगार संघटनेच्या विरोधात तो उभा राहिला होता. संप चालविणाऱ्यांना आणि संप मोडणाऱ्यांना, दोघांनाही वस्तीतील दादाचा विचार केल्यावाचून पाऊल टाकता येत नसे, इतके त्याच्या मालाचे मोल होते.

आता या दुकानाची खातेवही आपण कल्पनेने उघडून पाहू. जमेच्या बाजूला वसुलीवरची दलाली, हप्ते, जुगाराच्या अड्ड्याचा हिस्सा, दारूवरचा नफा. खर्चाच्या बाजूला पोरांचे खाणेपिणे, शिपायाची चिरीमिरी, वकिलाची फी, तुरुंगात गेलेल्याच्या घरी पाठवावयाचे पैसे, आणि गणपतीच्या किंवा मोहरमच्या उत्सवातील वर्गणी. ही शेवटची रक्कम धर्मादाय खात्यातली दिसते. वस्तुतः ती जाहिरातीची आहे. दादाचे खरे भांडवल म्हणजे त्याचे नाव. ज्याला रोज मारामारी करावी लागते त्याचा धंदा तोट्यात चालला आहे असे खुशाल समजावे. नुसत्या नावाने वसुली झाली तर नफा सर्वांत जास्त. म्हणूनच टोळ्यांच्या मारामाऱ्या बहुधा पैशासाठी झाल्यासारख्या दिसत नाहीत. त्या एखाद्या अपमानावरून होतात. पण तो अपमान म्हणजे पेढीच्या पतीवर पडलेला घाव असतो, आणि पत गेलेली पेढी बुडते.

हे केवळ आपल्याकडचेच वैशिष्ट्य नाही. अमेरिकेतील शिकागो शहरी फ्रेडरिक थ्रॅशर या समाजशास्त्रज्ञाने १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्या शहरातील १,३१३ टोळ्यांची नोंद केली. टोळ्या कोठे उगवतात, तर कारखाने आणि सुस्थितीतील वस्ती यांच्यामधील पडक्या पट्ट्यात, जेथे घरही धड नाही आणि सत्ताही धड नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच शहरातील एका टोळीचे चार वर्षांचे खरोखरीचे हिशेब पुढे स्टीव्हन लेव्हिट हे अर्थशास्त्रज्ञ व सुधीर वेंकटेश हे समाजशास्त्रज्ञ यांच्या हाती आले, आणि त्यांनी ते २००० साली अभ्यासून प्रसिद्ध केले. त्या वहीत पगार होते, वरिष्ठ मंडळाला द्यावयाचा वाटा होता, शस्त्रांचा खर्च होता, आणि मेलेल्यांच्या अंत्यविधीचाही होता. सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट ही की, रस्त्यावर उभे राहून जिवाचा धोका पत्करणाऱ्या पोरांना तासाला जे मिळे ते तेथील कायदेशीर किमान वेतनाहूनही कमी होते. मिळकत वरच्या दोन-चारांची, तुरुंग आणि मरण खालच्यांचे. तरी ती पोरे का राहतात? कारण प्रत्येकाला वाटते की एक दिवस आपण वर जाऊ. तात्पर्य, टोळी गरिबाला लुटते ती दोनदा. एकदा गिऱ्हाईक म्हणून आणि एकदा नोकर म्हणून.

सरकारने या दुकानदारीचे काय केले, याचे उत्तर सोलापुरात जितके स्पष्ट मिळते तितके क्वचितच दुसरीकडे मिळेल. इंग्रज राज्यकर्त्यांच्या मनात एक समजूत घट्ट बसली होती की, हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, त्याप्रमाणे चोराचा मुलगा चोर होतो. या समजुतीवर १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा उभा राहिला. आरंभी तो उत्तरेकडील काही प्रांतांपुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याचा पल्ला साऱ्या देशभर वाढला, आणि १९२४ साली त्याला एकत्रित रूप मिळाले. कैकाडी, पारधी, कंजारभाट, मांग-गारुडी, भामटा अशा कित्येक जमातींची नावे त्याखाली नोंदली गेली. यांतील अनेकांचे जुने व्यवसाय, म्हणजे बैलांवरून वाहतूक, टोपल्या विणणे, शिकार, खेळ करणे, हे रेल्वेने आणि जंगलाच्या कायद्याने आधीच बुडविले होते. ज्याचा धंदा बुडाला त्यालाच गुन्हेगार म्हणून नोंदविण्याचा हा प्रकार होता.

मुंबई इलाख्यात या लोकांच्या वसाहती करण्याचे काम ओ. एच. बी. स्टार्ट या अधिकाऱ्याने विजापुराकडे आरंभिले, आणि पुढे सोलापुरात इलाख्यातील एक फार मोठी वसाहत वसली. काही वर्षे तिची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनने पाहिली. वस्तीभोवती तारेचे कुंपण, ठरल्या वेळी हजेरी, बाहेरगावी जावयाचे तर पास, मुलांना शाळा सक्तीची, आणि जवानांना काम. हे काम कोठले, तर बहुतांशी गिरण्यांतले. ज्यांची वर्तणूक चांगली ठरली त्यांना कुंपणाबाहेर, पण वसाहतीला लागूनच, 'फ्री कॉलनी'त राहावयास मिळे. सोलापुरात त्या भागाला आजही लोक 'सेटलमेंट' म्हणतात, आणि 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता टपालावर आजही लिहिला जातो. चालविणाऱ्यांपैकी काही जण मनाने सरळ होते, शाळांमुळे काही मुले शिकली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मुळातच हिशेब चुकला होता. कायदा विचारीत होता की तुझा बाप कोण. तुझे कर्ज किती, व्याज किती, तुझ्या चोरीचा माल कोणी विकत घेतला, आणि त्यातला वाटा कोणत्या चौकीत गेला, हे तो विचारीत नव्हता.

या अनुच्चारित वाट्याची गोष्ट पुढे त्याच समाजातील एका लेखकाने सांगितली. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले व १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पोटासाठी खिसे कापणाऱ्यांच्या कमाईतून पोलिसांचे देणे कसे भागवावे लागे, आणि ते भागविण्यासाठी पुन्हा चोरी कशी करावी लागे, हे त्यात आहे. पेंढाऱ्यांच्या पालपट्टीहून हे फार निराळे आहे काय? ज्यांना सरकारने टोळी म्हणून कुंपणात घातले ते या व्यापारातील सर्वांत कंगाल हमाल होते. माल पचविणारे आणि वाटा घेणारे कुंपणाच्या बाहेर, आपल्यासारख्यांच्याच वस्तीत, सन्मानाने राहत होते.

कायद्याच्या चुकीची जाणीव पुढे झाली. १९३७ च्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याची चौकशी झाली. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४९ साली तो रद्द केला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो साऱ्या देशातून गेला. त्या जमातींना आपण विमुक्त म्हणू लागलो. पण सराईत गुन्हेगारांविषयीच्या नव्या कायद्यांनी पोलिसांच्या दप्तरातील जुना संशय जिवंत ठेवला, आणि चोरी झाली की प्रथम त्याच वस्तीवर धाड पडण्याची सवय एका दिवसात सुटली नाही.

टोळी कोणती आणि लोकांचा पहारा कोणता, हे ओळखण्यात सरकार किती चुकू शकते, याचा दाखला याच शहरात १९३० साली मिळाला. महात्मा गांधींच्या अटकेनंतर मे महिन्यात सोलापुरात क्षोभ झाला, गोळीबार झाला, आणि पोलीस शहरातून हटले. त्या चार दिवसांत रहदारी आणि बंदोबस्त स्वयंसेवकांनी सांभाळला, व त्याबद्दल कोणाकडून दिडकी घेतली नाही. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. आणि मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा व कुर्बान हुसेन हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी गेले. संरक्षण ही वस्तू विकत न घेताही मिळू शकते, हे सोलापूरच्या लोकांनी त्या चार दिवसांत पाहिले होते. सरकारी दप्तरात मात्र तो सारा गुंडांचा दंगा ठरला.

स्वातंत्र्यानंतर दुकान तेच राहिले, माल तेवढा बदलला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हातभट्टीला बाजार मिळाला. न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाच्या भावावर मुंबईत जे आकडे लावले जात, ते भाव १९६१ च्या सुमारास येईनासे झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची युक्ती निघाली, आणि तो मटका गावोगाव पसरला. आकडा लिहून घेणारा, त्याच्यावरचा बुकी, त्याच्यावरचा मालक, प्रत्येकाचे कमिशन ठरलेले. कोणत्याही एजन्सीची रचना यापेक्षा निराळी नसते. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात टोळ्या पांगविण्यासाठी ५५ वे कलम आले, व्यक्तींच्या तडीपारीसाठी पुढील कलमे आली. १९९९ साली संघटित गुन्हेगारीविरुद्ध 'मकोका' आला. हे कायदे अनावश्यक होते असे मी म्हणत नाही. खून करणाऱ्याला शासन झालेच पाहिजे. परंतु एक दादा तडीपार झाला की त्याची गादी दुसरा घेतो, हा अनुभव कोणत्याही वस्तीतील म्हातारा माणूस सांगेल. दुकानदार हद्दपार झाला, तरी गिऱ्हाईक तेथेच उभे असते. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओस पडले तेव्हा टोळ्यांना पोरांची वाण पडली नाही. सोलापूरच्या मोठ्या गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या. यंत्रमाग आणि विडी यांवर संसार आले, आणि ज्या घरी ठरलेला पगार येत नाही त्या घरी खासगी सावकाराचा पाय लवकर लागतो.

मग या दुकानाचे गिऱ्हाईक तुटते कशाने? इतिहासात याचीही उदाहरणे आहेत. ती गाजावाजा न होता घडली, म्हणून आपल्या लक्षात राहत नाहीत. १९३६ च्या वेतन कायद्याने पगार ठरल्या दिवशी देणे मालकावर बंधनकारक झाले, आणि उधारीची गरज तेवढ्या दिवसांनी कमी झाली. १९४६ च्या सावकारी कायद्याने परवाना व हिशेब सक्तीचा केला. त्याची जागा घेणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याने विनापरवाना सावकारी हा शिक्षापात्र गुन्हा ठरविला. भविष्य निर्वाह निधी, सहकारी पतसंस्था, बायकांचे बचतगट, ही सारी त्या काठीवाल्या वसुलीदाराची प्रतिस्पर्धी दुकानेच होत. सोलापूरलगत कुंभारी येथे विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची सहकारी वसाहत उभी राहिली, तिचे हस्तांतर २००६ साली झाले. आणि तेथेच रे नगरमधील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना मिळाली. ज्या बाईच्या नावावर घराचा कागद आहे तिला भाड्याच्या खोलीतून कोणी दादा हुसकावून लावू शकत नाही. एका शहराने एकाच शतकात कामगारांसाठी दोन प्रकारच्या वसाहती पाहिल्या. पहिलीच्या दारात हजेरीपट होता, दुसरीच्या दारात मालकाच्या नावाची पाटी आहे. टोळीचा बंदोबस्त यांपैकी कोणती वसाहत अधिक करील, हे सांगण्यास पोलीस अधिकारी असण्याची गरज नाही.

श्रोतेहो, हा विषय आपल्या घरापासून दूरचा आहे असे मानू नये. आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई महिन्याच्या वीस तारखेला मुलाच्या आजारासाठी दोन हजार रुपये उसने मागते. आपण कपाळाला आठी घालून नाही म्हणतो, आणि तेथे गोष्ट संपली असे समजतो. ती तेथे संपत नाही. ती बाई ते दोन हजार त्याच संध्याकाळी आणते. आणि कोठून आणते, कोणत्या व्याजाने आणते, व ते न फिटल्यास तिच्या दारात कोण येऊन उभा राहतो, हे आपण विचारीत नाही. स्वस्त मिळालेली चोरीची वस्तू पावतीवाचून घेताना, घर रिकामे करून घेण्यासाठी 'कोणी ओळखीचा माणूस' शोधताना, निवडणुकीत त्याच माणसाला वर्गणी देताना, आपणही त्या दुकानाचे गिऱ्हाईक होतो, आणि गरिबाहून मोठे गिऱ्हाईक होतो. सोलापूरच्या वसाहतीचे कुंपण केव्हाच निघाले. ते घालताना जो प्रश्न विचारावयाचा राहून गेला, तो मात्र अजून विचारण्याजोगा आहे: या धंद्यात नफा कोणाचा?